दाणेवाले केस

माझ्या आईने माझी वेणी आयुष्यात एकदाही घातली नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. तक्रार करून करून मी कधीच दमले. वेणी घालायचे बाबा. बाबा गाड्यांचे मेकॅनिक, त्यामुळे त्यांच्या हातची वेणी म्हणजे आवळलेला बोल्टच. शाळा सुटेपर्यंत ती जागची हलायची नाही, आणि पहिल्या तासाला माझ्या भुवया कपाळात चढलेल्या असायच्या. शाळेतल्या बाई विचारायच्या, "एवढं कसलं आश्चर्य वाटतंय गं तुला?"

यातली गंमत अशी, की माझ्या आईचा धंदाच केसांचा. ती विग बांधते. एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, भरपूर उजेडाच्या मोठ्या खिडक्यांपाशी सहा बायका बसतात. प्रत्येकीपुढे एक लाकडी डोकं, डोक्यावर बारीक जाळी ताणलेली आणि हातात सुईएवढी आकडी. एक केस उचलायचा, जाळीच्या डोळ्यातून ओढायचा, गाठ मारायची. मग दुसरा. आईच्या हातून दिवसाला तीनेक हजार गाठी पडतात आणि एकही सैल नसते. कारखान्यात तिला 'गाठवाली' म्हणूनच हाक मारतात. तिचं खरं नाव तिथे कुणाच्या लक्षात असेल असं मला वाटत नाही.

पण हे सगळे केस निर्जीव. जिवंत डोक्याला ती हात लावत नाही. कुठे समारंभाला निघालेली शेजारीण "जरा माझा अंबाडा बांधून दे गं" म्हणत आली, की आई "मला ते येत नाही" म्हणून मोकळी व्हायची. तीस वर्षं विग बांधणाऱ्या बाईला अंबाडा येत नाही, यावर कोण विश्वास ठेवणार? लोक म्हणायचे, शिष्ट आहे. मीही म्हणायचे. ती ऐकून घ्यायची.

तिच्या कामातली एक गोष्ट आधीच सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्या एका समजुतीमुळे वाढलं. केसाला मूळ आणि टोक असतं, आणि विगमध्ये सगळे केस एकाच दिशेने बांधावे लागतात; चार उलटे पडले तरी अख्खा विग गुंततो. आई केस अंगठा आणि बोटाच्या मधे धरून चोळते. चोळलं की केस मुळाच्या बाजूला सरकतो, आणि तिला न बघताही कळतं. कारखान्यात येणारा माल दोन प्रकारचा. एक कात्रीने कापलेला, तो चांगला. दुसरा गुंतवळ, म्हणजे विंचरताना गळालेला. गुंतवळातल्या केसांच्या एका बाजूला पांढरा ठिपका असतो, मिठाच्या कणाहूनही बारीक. कारखान्यात त्यांना 'दाणेवाले' म्हणतात. तिथल्या साऱ्या बायकांची पक्की खात्री, की तो दाणा म्हणजेच केसाचं मूळ. तो बाहेर आला म्हणजे केस मुळासकट उपटला गेला, ती जागा कायमची रिकामी झाली. हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही. हातात दाणा दिसतो, म्हणून त्या तसं म्हणतात.

मागच्या थंडीत आईला टायफॉईड झाला. अकरा दिवस ताप, त्यातले चार दिवस तर तिला आम्ही कोण तेही नीट कळत नव्हतं. मग ती बरी झाली, कामावर गेली, आणि आम्ही ते आजारपण विसरलो.

तीन महिन्यांनी घरात चिठ्ठ्या दिसायला लागल्या.

कारखान्यात केसांच्या प्रत्येक जुडीला चिठ्ठी बांधतात, तशाच या, तिच्या बारीक अक्षरातल्या. पहिली विजेच्या बोर्डावर: 'मेन स्विच, उजवीकडचा'. मग डब्यांवर, मग चाव्यांच्या जुडग्यावर. बाबांच्या गोळ्यांच्या डबीवर: 'सकाळी एक. हे विसरतात, विचारावं'. बाबा म्हणाले, "अगं, माझ्यावरही एक चिकटव. नवरा, जुना, चालू स्थितीत." आम्ही खो-खो हसलो. आई हसली नाही. मला वाटलं, वय झालं, विसरायला होत असेल. मी तिला चिडवलंसुद्धा.

मग डोक्याला रुमाल आला. "कारखान्यात धूळ फार," असं ती म्हणाली. घरात कुठली धूळ, हे मी विचारलं नाही.

माझी मुलगी आठ वर्षांची. तिला आम्ही चौकशी म्हणतो, कारण तिच्या तोंडून पूर्णविराम कधी ऐकूच येत नाही. शाळा सुटल्यावर ती आजीकडे असते. आमचं घर तिथून दोन गल्ल्या पलीकडे. एके संध्याकाळी आजी खुर्चीत डुलकी घेत होती. चौकशीने बाहुलीची फणी घेतली आणि मागून जाऊन रुमाल सरकवला. आजीला जाग आली. तिने गर्रकन वळून पोरीच्या मनगटावर असा फटका मारला, की फणी उडून खाटेखाली गेली. मी नेमकी दारात उभी होते. माझ्या आईने आजवर कुणावर हात उगारलेला मी पाहिला नव्हता. चौकशी आधी रडायचंच विसरली, मग मोठ्याने रडली. "परत माझ्या केसांना हात लावायचा नाही!" आई ओरडली. तिचा आवाज फाटला होता.

मी तणतणत पोरीला घेऊन घरी आले. दोन दिवस आईशी बोलले नाही. राग नाकावर घेऊन बसणं मला छान जमतं.

तिसऱ्या दिवशी मला सुट्टी होती. चौकशीच्या शाळेच्या पिशवीचा बंद तुटला, म्हणून आईच्या कपाटात काळा दोरा शोधायला गेले. आई कामावर होती, बाबा गॅरेजमध्ये. शिवणाच्या सामानाखाली बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. मला वाटलं, यात दोरे असतील.

त्यात केस होते. लहान लहान जुड्या, प्रत्येक जुडी दोऱ्याने बांधलेली, प्रत्येकीला चिठ्ठी. तारीख, वार आणि आकडा. सोमवार, ९४. मंगळवार, ११०. रविवार, ३१२. मी मोजल्या. शेहेचाळीस जुड्या, शेहेचाळीस दिवस, एकही दिवस चुकलेला नाही. डब्याच्या तळाशी घडी घातलेली जाळी होती. उलगडली, तर अर्धवट बांधलेला विग. काळ्यात मधून मधून करडे केस आणि उजव्या कानामागे पांढरी बट. ती बट कुणाची ते मला जन्मापासून माहीत आहे.

 आई स्वतःच्याच गळालेल्या केसांचा स्वतःसाठी विग बांधत होती, आणि घराला चिठ्ठ्या लावत होती. मी कपाटाचं खालचं दार उघडलं. तिथे चौकशीच्या मापापेक्षा दोन नंबर मोठे नवे बूट होते, त्यावर चिठ्ठी: 'पुढच्या वर्षी होतील'. मी जमिनीवर बसले. 

आई चारला आली. मी डबा मांडीवर घेऊन तशीच बसले होते.

"ते ठेव जागेवर," ती म्हणाली.

"आई, हे काय आहे?"

तिने पिशवी खाली ठेवली, दार लावलं आणि रुमाल सोडला. भांग दोन बोटं रुंद झाला होता. कानांच्या वर कातडी दिसत होती. मी माझ्या आईचं डोकं कधी असं पाहिलं नव्हतं. मला बघवेना आणि नजरही काढता येईना.

"माझी आई अशीच गेली," ती म्हणाली. "आधी केस गेले. मग एकवीस दिवसांनी ती. मी नऊ वर्षांची होते, पण दिवस मोजलेत मी."

आजीबद्दल मला फक्त इतकंच ठाऊक होतं, की ती आजारपणात गेली. कुठल्या, ते घरात कुणी कधी बोललं नव्हतं.

"तुझे शेहेचाळीस दिवस झाले की," मी म्हणाले. माझं तोंड असंच आहे, घाबरले की वाद घालतं. "एकवीस तर कधीच उलटून गेले!"

"माझे केस तिच्यापेक्षा दाट आहेत," आई शांतपणे म्हणाली. "वेळ लागेल."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"कशाला? नाव कळायला?"

"आई!"

"सगळे दाणेवाले आहेत गं. बघ ना. एकूण एक. परत येणाऱ्यातले नाहीत हे. आतून काहीतरी सुटत चाललंय." मग ती डबा घ्यायला वाकली. "तुझ्या बाबांना यातलं काही कळता कामा नये. आणि पोरीला टक्कल दिसता कामा नये. मला ते आठवतंय अजून, माझ्या आईचं. म्हणून हा विग करतेय. झाला असता एवढ्यात, पण रोजचे शंभर केस किती पुरणार?"

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले. माझं काम घरगुती यंत्रांच्या दुरुस्तीच्या दुकानात फोन घेण्याचं. दिवसभर मी लोकांना विचारते: कधीपासून बंद आहे? त्याआधी काय झालं होतं? वीज गेली होती का? मशीन हलवलं होतं का? पण आईला मी हा प्रश्न विचारला नव्हता. त्याऐवजी मोबाईलमध्ये नको ते शोधत बसले. केस गळण्याची कारणं वाचत गेले आणि प्रत्येक पानागणिक आई मला जास्त आजारी वाटायला लागली. एका बाईच्या फ्रिजची तक्रार मी दोनदा लिहून घेतली. आई जाणार, एवढंच डोक्यात घुमत होतं. आणि मी दोन दिवस तिच्याशी बोलले नव्हते.

संध्याकाळी मी तिला धमकी दिली. "उद्या माझ्याबरोबर डॉक्टरकडे यायचं. नाही आलीस तर हा डबा बाबांच्या पुढ्यात उघडते."

ती आली. डबा पिशवीत घालून आली.

त्वचेच्या डॉक्टरांकडे आमच्या आधी दोघं होते. एका तरुणाच्या दाढीत नाण्याएवढा गोल गुळगुळीत चट्टा होता. तो सारखा हाताने झाकत होता. दुसरी नाचणारी मुलगी, केस मागे इतके ताणून बांधलेले, की कपाळ अर्ध्या डोक्यापर्यंत गेलेलं. आई दोघांकडे आळीपाळीने बघत होती. तिने माझा हात धरला होता. ती कधी कुणाचा हात धरत नाही.

डॉक्टर तरुण होत्या, चाकांच्या खुर्चीवरून इकडून तिकडे सरकत बोलणाऱ्या. "बोला काकू, काय होतंय?"

 आईने डबा काढून टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी तो उघडला, एक जुडी उचलली, चिठ्ठी वाचली, दुसरी उचलली. मला वाटलं, आता या हसणार. त्या हसल्या असत्या तर मी काय बोलले असते कुणास ठाऊक.

"एवढी व्यवस्थित नोंद मला आजवर कुणी आणून दिली नाही," त्या म्हणाल्या. "रविवारी जास्त आहेत. रविवारी डोकं धुता का?"

आईने मान हलवली.

"म्हणजे आठवड्याभरात सुटून अडकून राहिलेले त्या दिवशी उतरतात. बरं, हे सुरू झालं त्याच्या आधी दोन-तीन महिने काय झालं होतं? मोठा आजार, ऑपरेशन, धक्का, उपास?"

मला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं. रोज चाळीस अनोळखी माणसांना मी हेच विचारते.

"टायफॉईड," मी म्हणाले. "अकरा दिवस."

डॉक्टरांनी आईच्या डोक्यावरच्या थोड्याशा केसांना चिमटीत धरून हलकेच ओढलं. आईने खुर्चीचे हात घट्ट धरले, डोळे मिटून घेतले. चिमटीत सहा केस आले. मग डॉक्टर सांगायला लागल्या. डोक्यावरचे सगळे केस एकाच वेळी वाढत नसतात. बहुतेक वाढत असतात, थोडे विश्रांती घेत असतात आणि रोज पन्नास-शंभर गळतात, ते कुणाचेही गळतात. मोठा ताप आला की शरीर जीव वाचवायच्या मागे लागतं, केस वाढवणं त्याच्या दृष्टीने फालतू काम. मग एरवी वाढले असते असे पुष्कळ केस एकदम विश्रांतीला जातात. आणि गळतात दोन-तीन महिन्यांनी, ताप विसरून गेल्यावर.

"डॉक्टर," आई म्हणाली, "तुम्हाला कळत नाही असं मी म्हणत नाही. पण तीस वर्षं मी दाणा बघतेय. मुळासकट आलेला केस आहे हा."

"मूळ नाही ते." डॉक्टरांनी एक केस भिंगाखाली धरला. "विश्रांतीला गेलेल्या केसाचं हे सुकलेलं बूड. मूळ तिथेच आहे, तुमच्या डोक्यात. दुधाचा दात कसा पडतो? खालून नवा ढकलतो म्हणून. हेही तसंच. दाणा दिसतोय हे उलट चांगलं."

आईचा विश्वास बसला नाही, हे मला तिच्या मानेवरून कळलं. मग डॉक्टरांनी तिच्या कपाळाशी भिंग नेलं आणि मला बोलावलं. तिथे नखाएवढे आखूड, उभे राहिलेले केस होते. एक उपटून त्यांनी आईच्या तळहातावर ठेवला. आईने चष्मा लावला. केस अंगठा आणि बोटाच्या मधे चोळला, मूळ-टोक ओळखलं, टोक उजेडात धरलं. कापलेल्या केसाचं टोक बोथट असतं, तुटलेल्याचं फाटलेलं. हे टोक निमुळतं होत होत संपलेलं होतं.

"याला कात्री लागलेली नाही," आई म्हणाली. "हा नवा आहे."

"हो, नवा आहे."

"थांबा, काकू," मग डॉक्टर म्हणाल्या, "मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. मधला भांग रुंद झालाय तो सगळा तापामुळे नाही. थोडं वयाचं आहे, थोडं घराण्यातून आलेलं असेल. रक्तात लोह कमी असलं किंवा थायरॉईड बिघडलं, तरी केस गळतात, तेही तपासू. काही औषधांनीही गळतात. तुमच्या आईचे केस कसे होते?"

 आईने तो लहानसा केस मुठीत बंद केला.

"लांब होते," ती म्हणाली. "मग सगळे गेले. मग ती गेली."

"काय झालं होतं त्यांना?"

"मला कुणी सांगितलं नाही. हॉस्पिटलमध्ये जायची, दोन दिवसांनी यायची, उलट्या करायची. एकदा मला घेऊन गेले होते, तर तिच्या हातात नळीतून लाल पाणी जात होतं. मला वाटलं, सरबत देतायत."  मग ती टेबलाकडे बघत बोलायला लागली, आमच्या दोघींपैकी कुणाशीच नाही. "रोज सकाळी मीच तिचे केस विंचरायचे. ते माझं काम होतं. त्या दिवशी मला शाळेला उशीर झाला होता. मी घाईने फणी ओढली, आणि सगळे केस फणीबरोबर आले. एवढे. मूठभर. मी किंचाळले. ती आरशात बघत राहिली. वडील आले आणि त्यांनी माझ्या हातातली फणी काढून घेतली. परत दिली नाही. एकवीस दिवसांनी ती गेली." मग ती अगदी हळू म्हणाली, "मी हळू विंचरायला हवं होतं."

माझ्या बोल्टसारख्या सगळ्या वेण्या मला एकदम आठवल्या. शेजारणींचे अंबाडे आठवले. चौकशीच्या मनगटावरचा फटका आठवला. सत्तेचाळीस वर्षं ही बाई माणसांच्या डोक्यांपासून हात लांब ठेवत होती, आणि आम्ही तिला शिष्ट म्हणत होतो.

डॉक्टर खुर्ची सरकवून तिच्या अगदी समोर आल्या. "काकू, तसं लाल औषध गाठीच्या आजारावर देतात. कॅन्सरवर. मी तुमच्या आईंचे कागद पाहिलेले नाहीत, पण तुम्ही सांगताय ते सगळं त्याच औषधाचं लक्षण आहे. जे भराभर वाढतं त्याला ते मारतं. गाठीला मारतं आणि केसांनाही. दोन-तीन आठवड्यांत केस सुटे होतात. त्या दिवशी तुम्ही फणी लावली नसती, तर दुसऱ्या दिवशी उशीवर पडले असते. केस जाऊन माणूस मरत नाही. त्यांना वाचवायला जे देत होते, त्याने केस गेले."

"हळू विंचरलं असतं तर?"

"तरी गेले असते."

"हात लावलाच नसता तर?"

"तरी."

आईने पुन्हा एकदा विचारलं, तेच, त्याच शब्दांत. डॉक्टरांनी तेच उत्तर दिलं. बाहेर कुणीतरी दार वाजवलं, तर त्या जरा रागानेच "थांबा" म्हणाल्या. त्या "थांबा"साठी मी त्यांची आजन्म ऋणी आहे.

रक्ताचा अहवाल यायला तीन दिवस होते. तुम्हाला वाटेल, आई सुटकेचा श्वास टाकून झोपली असेल. तसं काही झालं नाही. एवढी जुनी भीती एका दिवसात जात नाही. ती रोज केस मोजत राहिली. डब्यात एकोणपन्नासावी, पन्नासावी जुडी पडली. मी फोनची रिंग वाजली की दचकायचे. तिसऱ्या दिवशी अहवाल हातात घेऊन मी जिन्यातच वाचला, कारण वर जाऊन तिच्यासमोर वाचायची हिंमत नव्हती. थायरॉईड ठीक. लोह बरंच कमी. बाकी काही नाही. मी पायरीवर बसून रडले. शेजारचे काका वाट काढत गेले, त्यांना काय वाटलं असेल ते असो.

बाबांना आम्ही सगळं सांगितलं.  ते म्हणाले, "मला चिठ्ठ्या बघून कळलं होतं, तू कुठेतरी निघालीयस. विचारलं नाही. विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस." आणि त्यांनी हाताला ग्रीस लागलेलं असतानाच तोंड पुसलं, त्यामुळे त्यांचा गाल काळा झाला. आईने तो पुसून दिला.

लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. केस गळायचे थांबले नव्हते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, अजून दोन-तीन महिने लागतील, आणि सगळे परत येतील असंही नाही. चौकशी आजीकडे जायची, पण तिच्यापासून दोन हात लांब बसायची आणि, आश्चर्य म्हणजे, काही विचारायची नाही.

पुढच्या शनिवारी दुपारी मी तिथेच होते. आई एका बुटक्या स्टुलावर, खिडकीकडे तोंड करून बसली. रुमाल सोडून मांडीवर ठेवला. मग कपाटातली मोठी फणी तिने मागे धरली. कुणासाठी ते आधी आम्हाला कळेना.

"ये गं," ती चौकशीला म्हणाली. "विंचर."

"तू मारलंस ना मला?"

"चुकलं माझं. ये."

चौकशीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. काय होणार ते मला दिसत होतं आणि आईलाही दिसत होतं.

पहिल्यांदा फणी नुसती वरवर फिरली. दुसऱ्यांदा चौकशीने जरा नीट ओढली, आणि फणीबरोबर केस आले, बोटाभोवती गुंडाळता येतील एवढे. पोरीचा हात हवेतच थांबला. तिने फणीकडे पाहिलं, आजीच्या डोक्याकडे पाहिलं. 

"आजी, मी हळूच ओढलं होतं."

आई स्टुलावरून अशी वळली, की स्टूल कलंडता कलंडता राहिलं. तिने चौकशीचं मनगट धरलं, फटका मारला होता तेच.

"तुझ्यामुळे नाही," ती म्हणाली. "ऐकलंस? तुझ्यामुळे नाही. तू काही केलेलं नाहीस."

ती इतक्या मोठ्याने बोलली, की बाबा स्वयंपाकघरातून ओले हात घेऊन बाहेर आले.

"मग कशामुळे?" चौकशीने विचारलं.

"मला ताप आला होता ना थंडीत, त्यामुळे. केस उशिरा गळतात. फणी लावली नाही तरी गळतात."

"नक्की?"

"नक्की."

"मग अजून विंचरू?"

आई परत खिडकीकडे वळली, दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून ठेवले. "विंचर," ती म्हणाली.

चौकशी विंचरत राहिली. दर वेळी फणी खाली आली, की आईचे खांदे आवळायचे.  पण तिने डोकं बाजूला घेतलं नाही.